बाबा रोज कोवळ्या उन्हात बसतात, तरी ‘डी’ नऊच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बाराव्या मजल्यावर राहणारं कुटुंब. बाबा ६८ वर्षांचे. रोज सकाळी सात ते साडेसात गॅलरीत उन्हाला बसतात, तरी रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ९ आलं (वीसच्या वर असलं तर पुरतं). आई ६२ वर्षांची, कंबर-मांड्या दुखतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. प्रश्न विचारणारा मुलगा आयटीत. दोन वर्षांपूर्वी साठ हजार युनिटच्या (युनिट म्हणजे ‘डी’ मोजायचं माप) गोळ्यांचा कोर्स करून त्याचं ११ चं ३८ झालं होतं, आता परत १२. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. मुलाचं म्हणणं, ‘दर वेळी भरून काढायचं आणि परत कमी व्हायचं, हे किती दिवस? मुळात कमी होऊच नये म्हणून काय करायचं?’

मी सव्वीस वर्षं पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करते आहे. ‘डी कमी आहे’ असा कागद हातात घेऊन आलेला माणूस आठवड्यात एकदाही आला नाही असं आता होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाबांचं, कारण त्यांचं कळलं की बाकीच्यांचं निम्मं कळतं. बाबा नेमाने उन्हात बसतात, चुकते ती फक्त वेळ. सकाळी सातच्या उन्हाला ऊब असते, त्यानं मनाला बरं वाटतं, झोपेचं घड्याळही नीट लागतं. पण कातडीत ‘डी’ तयार करणारे किरण त्या उन्हात जवळजवळ नसतात. ते अतिनील किरणांपैकी ‘बी’ पट्ट्यातले, यूव्हीबी म्हणतात त्यांना, तरंगलांबी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर. सूर्य क्षितिजाजवळ असला की किरण तिरपे येतात, हवेच्या आणि ओझोनच्या लांबलचक थरातून येतात आणि यूव्हीबी वाटेतच शोषलं जातं. सूर्य वर चढला की ही वाट आखूड होते आणि मग ते आपल्यापर्यंत पोचतं. कातडीत कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला एक पदार्थ असतो, त्यावर हे किरण पडले की ‘डी’ तयार होतं. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर एकेक प्रक्रिया होऊन ते कामाला लागतं. पहिली पायरीच झाली नाही तर पुढची सगळी यंत्रणा रिकामी बसते.

कोवळ्या उन्हाचा सल्ला आपल्याकडे इतका मुरलेला आहे की तो मोडताना मला दर वेळी समोरच्याचा चेहरा पडलेला दिसतो. आजीने सांगितलेलं, आईने केलेलं, डॉक्टरांनीही कितीदा दुजोरा दिलेलं. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच सांगत होते. पण तिरुपतीत झालेल्या मोजमापात कातडीतली ही क्रिया अकरा ते दोन या वेळात सर्वांत जोरात आढळली. पुणं तिरुपतीपेक्षा फक्त पाच अंश उत्तरेला आहे, म्हणजे इथलं चित्र फार वेगळं नसणार.

मग ओळखायचं कसं? स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या उन्हात ‘डी’ आहे. लांब असेल तर फारसं नाही. यापेक्षा सोपं साधन मला माहीत नाही, आणि ते कुठल्याही गावाला, कुठल्याही ऋतूत चालतं. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या आसपासच सावली उंचीपेक्षा आखूड होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत आखूड राहते. डिसेंबरच्या अखेरीला मात्र ती जेमतेम साडेअकरा ते दीड एवढ्याच वेळात आखूड असते. भर दुपारीसुद्धा पाच फुटी माणसाची सावली साडेचार फूट पडते.

यातून एक गोष्ट निघते, तीच मी रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगते. उन्हाळ्यात बारा वाजता डोकं तापवायची काही गरज नाही, पावणेदहा-दहाचं ऊन पुरतं. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभं राहणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे, ‘डी’साठी ते कधीही करू नका. हिवाळ्यात उलट, बारा-साडेबाराचं ऊन सुखाचं असतं, तेव्हा गच्चीत जा. म्हणजे वेळ ऋतूप्रमाणे सरकवायची. एकच वेळ वर्षभर धरून बसलं की अर्धं वर्ष फुकट जातं.

दुसरी अडचण गॅलरीची. बाराव्या मजल्यावर धूळ-पाऊस येतो म्हणून बहुतेकांनी स्लायडिंगच्या काचा लावलेल्या असतात. तुमच्याही असाव्यात असा माझा अंदाज आहे. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचा ‘ए’ पट्टा, मात्र आत येऊ देते. म्हणून काचेआड बसून कातडी काळवंडते, गरम होते, आणि ‘डी’ काहीच बनत नाही. गाडीत बसून रोज दोन तास उन्हातून प्रवास करणाऱ्या सेल्समनचं ‘डी’ ७ का, या कोड्याचं उत्तर हेच होतं. बाबांना काच सरकवायला सांगा, नाहीतर सरळ गच्चीवर पाठवा.

किती वेळ? आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण कातडीतलं रंगद्रव्य हेच किरण शोषून घेतं. हात खांद्यापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे असतील तर वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, असं मी सांगते. नुसता चेहरा आणि पंजे उघडे असतील तर तेवढ्या वेळात फार काही होत नाही. चेहरा झाकलात तरी चालेल, डोक्यावर टोपी घाला, पण हात-पाय उघडे ठेवा. कातडी लाल होईपर्यंत बसायचं नाही. जास्त बसून जास्त ‘डी’ मिळतंही नाही, कारण एका मर्यादेनंतर तेच ऊन तयार झालेला माल मोडून निरुपयोगी पदार्थ करून टाकतं. म्हणूनच उन्हामुळे कुणाला ‘डी’ची विषबाधा होत नाही. ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असेल किंवा ऊन बाधेल असं औषध चालू असेल तर मात्र हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

‘उन्हातून आल्यावर लगेच अंघोळ केली तर धुऊन जातं का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही जात. ते कातडीच्या जिवंत थरात बनतं, वर तेलासारखं साठत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या मातीतली आहे. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी मुंबई इलाख्यातल्या मुडदुसाविषयी, म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याच्या आजाराविषयी, लिहिलं. त्यांना आढळलं ते त्या वेळच्या समजुतीच्या अगदी उलट होतं. अर्धपोटी राहणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्या गरिबांच्या मुलांत मुडदूस नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत, जिथे बायका पडद्यात आणि मुलं अंधाऱ्या माजघरात वाढत होती. ‘व्हिटॅमिन डी’ हे नाव त्याच सुमाराला पडत होतं. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या भागातल्या नव्या सोसायट्या आठवल्या. पडदा गेला, पण वातानुकूलित ऑफिस, पार्किंगमधून थेट लिफ्ट आणि काच लावलेली गॅलरी आली. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातल्या धडधाकट डॉक्टर-नर्सचं ‘डी’ अतिशय कमी निघालं, आणि उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांचं त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं.

आता खरं बोलते. वरचं सगळं ऐकून किती जणांना वर्षभर ते जमतं? मी रुग्णांच्या तोंडून ऐकलेला हिशेब असा आहे की शंभरातले वीसही टिकत नाहीत. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात आभाळ, कोकणात तर सूर्याचं तोंडही दिसत नाही. बाबांच्या वयाची अडचण वेगळीच. सत्तरीतली कातडी विशीतल्या कातडीच्या निम्मंही ‘डी’ बनवत नाही, त्याच उन्हात, तेवढ्याच वेळात. वजन जास्त असेल तर बनलेलं ‘डी’ चरबीत जाऊन बसतं आणि रक्तात कमी येतं. फिट्सच्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, बराच काळ चाललेली स्टेरॉइड्स यांनी ते लवकर खर्च होतं. म्हणून ज्यांना ऊन मिळत नाही किंवा पुरत नाही, त्यांनी बाकीच्या दोन वाटा नीट समजून घ्यायला हव्यात.

आहाराची वाट ‘डी’च्या बाबतीत अरुंद आहे, हे आधीच सांगते. भाज्या, फळं, डाळी, कडधान्यांत ते नसतं म्हटलं तरी चालेल. एका अंड्याच्या बलकात चाळीसेक युनिट असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाची गरज ६०० युनिट धरली आहे, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर रोज पंधरा लागतील. मासे खाणाऱ्यांना थोडं बरं. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे चांगले, आणि ते स्वस्तही आहेत. रावस मात्र परदेशी सामन नव्हे. ‘इंडियन सामन’ या नावावरून लोक रावसाला सामनचे आकडे लावतात, ते बरोबर नाही. मशरूममध्ये ते उन्हात ठेवले असतील तरच मिळतं, बंद खोलीत वाढवलेल्या पाकिटातल्या मशरूममध्ये नगण्य.

शाकाहारी घराला खरा आधार होऊ शकतो तो ‘डी’ घातलेल्या दुधाचा आणि तेलाचा. पिशवीवर ‘+एफ’ अशी खूण असते, ती बघून घ्या. सरकारी प्रमाणाप्रमाणे अशा एक लिटर दुधात २०० ते ३०० युनिट असतात. म्हणजे घरातल्या माणसाने दिवसात चहा, दही, ताक धरून अर्धा लिटर दूध पोटात घातलं तर १०० ते १५०. तेलात ग्रॅमला साधारण साडेचार ते साडेसहा युनिट, दिवसाचं पंचवीस ग्रॅम तेल धरलं तर जवळपास तेवढेच. दोन्ही मिळून गरजेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जातं. एकटं पुरत नाही, पण न चुकता रोज, न आठवता मिळतं, आणि प्रतिबंधात तेच महत्त्वाचं. गोठ्यातून येणारं सुटं दूध चांगलं असतं, पण त्यात ‘डी’ वेगळं घातलेलं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

आहाराच्या बाबतीत मी ज्याच्यावर जास्त भर देते ते कॅल्शियम. यावर फारसं कुणी बोलत नाही आणि माझ्या मते इथेच मराठी घरात मोठी गळती आहे. शरीराला कॅल्शियम कमी पडलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन वाढवतात, त्यामुळे साठ्यातलं ‘डी’ भराभर कामाला लावलं जातं आणि तेवढंच भराभर संपतं. म्हणजे कॅल्शियम कमी खाणाऱ्याचं ‘डी’ लवकर आटतं. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. दोन कप चहातल्या दुधातून ते येणार नाही. पोळीतल्या कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, हीही अडचण आहे. पोळी सोडू नका, सोबत काय खाता ते वाढवा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीतून पावणेदोनशे. नाचणीची आंबील तर फारच चांगली, कारण आंबवल्याने ते फायटेट कमी होतं. ग्लासभर दूध किंवा वाटीभर दही, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू, तिळाची चटणी, आणि खाणाऱ्यांनी काट्यासकट मांदेली किंवा सुकट. यातल्या तीन गोष्टी रोज ताटात आल्या तरी मी समाधानी असते.

तिसरी वाट गोळीची, आणि तुमचा मुख्य प्रश्न इथे आहे. तुमचं ११ चं ३८ झालं, मग कोर्स संपला. पुढे तुम्ही काहीच घेतलं नाहीत, ऊनही तेच, ताटही तेच. रक्तातलं ‘डी’ दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. चरबीतल्या साठ्यामुळे थोडं लांबतं, पण सहा महिन्यांत माणूस जिथून निघाला तिथे परत येतो. सोसायटीत टँकर मागवून टाकी भरली आणि नळाला पाणी येतच नाही, तर पुढच्या आठवड्यात टाकी रिकामीच असणार. यात गोळीचा दोष नाही, तुमच्या शरीराचाही नाही. कोर्स संपला त्या दिवशी ‘आता पुढे रोजचं काय?’ हे ठरायला हवं होतं.

ते असं ठरवायचं. कमतरता पक्की असेल तर आठवड्याला एक साठ हजारची, आठ आठवडे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे आणि ती ठीक आहे. त्यानंतर तुमच्या वयाच्या, ऑफिसात बसणाऱ्या माणसाला रोज १००० युनिटची साधी गोळी कायम. रोजचं लक्षात राहत नसेल तर महिन्याला एक साठ हजारची, म्हणजे सरासरी दिवसाला २०००. तरुणांमध्ये मला ते मान्य आहे. बाबांसाठी मात्र नाही. झुरिकमध्ये सत्तरीच्या पुढच्या, आधी पडून झालेल्या लोकांवर अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महिन्याला साठ हजार घेणारे कमी डोस घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले. त्याआधी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सत्तरीच्या पुढच्या २२५६ स्त्रियांचा अभ्यास आला होता. वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिलेल्यांत पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं २६ टक्क्यांनी जास्त निघालं. हाडं वाचवायला दिलेल्या औषधाने हाडं जास्त मोडली. ‘एकदाच काय ते इंजेक्शन देऊन टाका डॉक्टर, वर्षभर कटकट नको,’ असं कुणी म्हटलं की मी हाच अभ्यास सांगते आणि इंजेक्शन देत नाही. थोडं, पण रोज, हेच वयस्कर माणसाला मानवतं. बाबांचं ९ आहे, त्यामुळे त्यांना आधी आठवड्याला एक गोळीचा कोर्स लागेलच, पण तो संपला की रोजच्या छोट्या गोळीवर यायचं. गोळी मुख्य जेवणासोबत घ्या. ‘डी’ स्निग्ध पदार्थात विरघळतं, उपाशीपोटी किंवा काळ्या कॉफीबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं.

आणि आता ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते ते. आठवड्याची गोळी रोज घेतली जाणं. हे मी दर वर्षी बघते. एक आजोबा, रोज एक याप्रमाणे दोन महिने साठ हजारच्या गोळ्या घेत होते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एक’ होतं, पण डबीत बीपीच्या गोळीशेजारी ठेवल्याने ती रोजची झाली. उलट्या, घट्ट बद्धकोष्ठ, सारखी लघवी, तहान, आणि शेवटी असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटलं स्मृतिभ्रंश झाला. रक्तातलं कॅल्शियम चौदाच्या घरात, म्हणजे फारच वाढलेलं, मूत्रपिंडं थकलेली. ते वाचले, पण चरबीत साठलेलं ‘डी’ उतरायला महिने लागले. त्यानंतर मी साठ हजारची गोळी लिहिली की ती पट्टी माझ्यासमोर ठेवायला सांगते आणि प्रत्येक गोळीमागे पेनने तारीख घालते: रविवार, रविवार, रविवार. पट्टी रोजच्या डबीत ठेवायची नाही, देवघरापाशी किंवा कॅलेंडरला क्लिपने लावायची. तुम्हीही बाबांची पट्टी अशीच करा. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा कॅल्शियम आधीच जास्त आहे, त्यांनी विचारल्याशिवाय सुरूच करू नये. मूत्रपिंड निकामी असेल तर साधी गोळी पुरतही नाही, तिथे वेगळं औषध लागतं.

तपासणीबद्दल विचारलं नाहीत, पण सांगायला हवं, कारण भीतीचा निम्मा भाग रिपोर्टमुळे असतो. चाचणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ हीच करायची. आकड्याआधी एकक बघा. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तो आकडा अडीच पट मोठा असतो. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर हाडांच्या दृष्टीने बहुतेकांना पुरतं. छापील कागदावर ३० च्या खाली सगळंच ‘अपुरं’ म्हणून लाल अक्षरात येतं, त्याने घाबरू नका. २४ आलेल्या तिशीतल्या मुलीला मी साठ हजार देत नाही, रोजची छोटी गोळी आणि ऊन सांगते. अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, एंडोक्राइन सोसायटीने, २०२४ मध्ये निरोगी माणसांची सरसकट ‘डी’ तपासणी करू नका असंच म्हटलं आहे. मलाही पटतं. ज्यांना काही होत नाही त्यांनी दर सहा महिन्यांनी पॅकेजमध्ये तपासण्यापेक्षा ते पैसे दुधा-नाचणीवर घालवावेत. गोळ्या चालू केल्यावर पुन्हा तपासायचं तर तीन महिन्यांनी, आधी नाही.

आणखी एक अपेक्षा कमी करते. ‘डी’ वाढवलं की हृदयविकार, कॅन्सर, सगळंच टळतं, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर हा प्रयोग झाला, निम्म्यांना पाच वर्षांच्या आसपास रोज २००० युनिट दिले. नव्या कॅन्सरचं प्रमाण घटलं नाही, हृदयविकाराचं नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत हाड मोडण्याचंही नाही. त्यातले बहुतेक जण मुळात कमतरता नसलेले होते. ज्याची टाकी भरलेली आहे त्याने आणखी ओतून फायदा नाही. ज्याची तळाला गेली आहे त्याला मात्र फरक पडतो, आणि तो कसा पडतो ते तुमच्या आईच्या तक्रारीत दिसू शकतं.

बासष्टीत गुडघे झिजलेले असणं नवं नाही, पण ‘जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. ‘डी’ फार काळ कमी राहिलं की हाडं मऊ पडतात, आणि त्याच्या जोडीने मांड्यांचे, कमरेचे स्नायू दुबळे होतात. मग जिना चढताना कठडा लागतो, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठवत नाही, चालताना बदकासारखं हेलकावत चाललं जातं, नडगीचं हाड अंगठ्याने दाबलं तरी कळ येते. एक पंचेचाळिशीच्या बाई माझ्याकडे आल्या त्या चार-पाच वर्षं ‘वात आहे’ म्हणून तेलं चोळून आणि दुखण्याच्या गोळ्या खाऊन. त्यांचं ‘डी’ ५ होतं, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं मऊ पडली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं. ‘डी’ आणि कॅल्शियम नीट सुरू केल्यावर तीन महिन्यांनी त्या माझ्या पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात कठडा न धरता आल्या. इतकं साधं औषध, आणि इतकी वर्षं वाया. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आईला हात न टेकता, हात छातीशी घडी घालून, खुर्चीतून पाचदा उठायला सांगा. जमत नसेल तर नुसतं ‘डी’ नको, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. हाडं मऊ पडणं आणि ठिसूळ होणं हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांच्या वयात दोन्ही एकत्र असू शकतात आणि औषधं वेगळी आहेत. बाबांच्याही या तपासण्या कोर्सआधी एकदा झालेल्या बऱ्या.

बाळाचं शेवटी घेतलं, पण आज करण्यासारखं तेच आहे. आईच्या दुधात बाळाला लागणारं जवळजवळ सगळं असतं, पण ‘डी’ पुरेसं नसतं. ते त्यात फार कमी असतं, आणि बाळंतिणीचं स्वतःचं कमी असेल तर जवळजवळ नसतंच. म्हणून जन्मापासून वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट ‘डी’ मिळेल एवढे थेंब द्यायचे, अंगावर पीत असो वा नसो. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचाही हाच सल्ला आहे. पाच महिन्यांच्या बाळाला भर उन्हात झोपवायचं नाही, त्याची कातडी ते सोसत नाही. तेल लावून सकाळी कोवळ्या उन्हात खुशाल ठेवा, त्याला छान वाटतं, पण ते थेंबांच्या बदल्यात नाही. सात महिन्यांचं एक गुटगुटीत बाळ फिट आली म्हणून रात्री माझ्याकडे धावत आणलं होतं. ताप नाही, काही नाही. कॅल्शियम खाली घसरलं होतं, कारण ‘डी’ नव्हतं. थेंब घरात होते, ‘दात येताना देऊ’ म्हणून फ्रिजवर ठेवलेले.

बाळाच्या आईलाही विसरू नका. तिची रोजची गरज ६०० युनिटची आहे, आणि सव्वा महिना खोलीत काढलेल्या बाळंतिणीला ती उन्हातून मिळालेली नसते. तिच्यासाठीही १००० ची रोजची गोळी आणि भरपूर दूध-नाचणी.

आता थेंबांची बाटली हातात घ्या आणि आकडा वाचा. बाजारात एका मिलिलिटरला ४०० युनिटवालीही मिळते आणि ८०० वालीही. ४०० ची असेल तर ड्रॉपरची एक मिलिलिटरची खूण, ८०० ची असेल तर अर्ध्याची. औषधाच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची बाटली आली तर पुन्हा वाचा, जुना ड्रॉपर नव्या बाटलीत घालू नका. बाळाला अंघोळ घालणारी व्यक्तीच बहुतेक घरांत थेंबही देते, तेव्हा हे त्यांनाही दाखवून ठेवा.